यंत्रमानवाचं पुढे काय झालं? (लहानपणी टीव्हीवर पाहिलेलं आणि अजून मनातून न गेलेलं)

गिरणगावकर

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आमची लालबागची चाळ पुनर्विकासाला गेली. गेल्या रविवारी पोटमाळा रिकामा करताना जुन्या टीव्हीचं लाकडी खोकं सापडलं. आत पिक्चर ट्यूब नाही, काही नाही. आईने त्यात वर्षानुवर्षं गोधड्या ठेवल्या होत्या. पण दोन्ही बाजूंनी सरकणारं शटर अजून शाबूत आहे. डावीकडचं अर्ध्यावर अडकतं, तेव्हाही अडकायचं. जरा वर उचलून ढकललं की सरकतं. इतक्या वर्षांनी माझ्या हाताने ते आपसूक केलं. आणि त्या खरखर आवाजासरशी एक जुनी गोष्ट अशी वर आली, की तिथेच खाली बसलो.

हा टीव्ही मुळात शेजारच्या काकूंचा. त्यांनी रंगीत घेतल्यावर हा आमच्याकडे आला. वडील गिरणीत होते आणि १९८२चा संप झाला, एवढं सांगितलं की आमच्या घरात टीव्ही का नव्हता ते इथल्या बऱ्याच जणांना कळेल. संध्याकाळी काकूंच्या खोलीत आम्ही दहा-बारा पोरं फरशीवर, मोठी माणसं मागे, आणि उशिरा येणारे बाहेर गॅलरीत खिडकीचे गज धरून.

त्यात एक मालिका लागायची. एक जपानी मुलगा मनगटावरच्या घड्याळात बोलायचा आणि इमारतीएवढा यंत्रमानव उडत यायचा. त्याचा चेहरा कधीच हलायचा नाही. डोळे नुसते उघडे. तो आपल्या बाजूचा आहे हे माहीत असूनही त्या चेहऱ्याकडे बघताना माझ्या पोटात कालवायचं. त्याचा शत्रू समुद्राच्या तळाशी राहायचा आणि त्याच्या तोंडाभोवती गांडुळांसारखं काहीतरी लोंबायचं. सगळं इंग्रजीत. आम्हाला एक अक्षर कळायचं नाही. मला वाटतं भीती त्यामुळेच जास्त होती, कारण काय चाललंय याचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा, आणि सात वर्षांचा मुलगा लावून लावून वाईटच अर्थ लावतो.

शेवटच्या भागात तो शत्रू डोंगराएवढा झाला. यंत्रमानव समोर उभा. मुलगा घड्याळात ओरडतोय. आणि नेमके काकूंकडे गावाहून पाहुणे आले. काकूंनी ‘चला रे पोरांनो, उद्या या’ म्हणत शटर ओढलं. डावीकडचं अडकलं. त्या फटीतून मला अजून निळा उजेड हलताना दिसत होता. मग तेही सरकलं.

पुढे काय झालं? कुणाला आठवतंय? आणि तुमच्याही मनात असं काही रुतून बसलं असेल तर लिहा. मुलांसाठी म्हणून दाखवलेलं, पण ज्याने तुमची झोप उडवली असं काही.

मोगरा

धागा वाचून अंगावर काटा आला. माझ्यासाठी उत्तर एकच, ‘विक्रम और बेताल’. १९८५.

आम्ही प्रभादेवीला राहायचो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वरळीचा दूरदर्शनचा मनोरा दिसायचा. रात्री त्याच्यावर लाल दिवे लागायचे. कार्यक्रम त्या मनोऱ्यातून येतात हे मला बाबांनी सांगितलं होतं. मी त्यापुढे हिशेब केला: कार्यक्रम तिथून येतात, म्हणजे वेताळही तिथूनच येतो. त्याला उंचावर लटकायला आवडतं. आपल्या भागात त्याहून उंच झाड नाही. म्हणजे तो तिथेच राहतो. पावसाळ्यात ढग खाली उतरले की वरचे दिवे दिसेनासे व्हायचे आणि मी आईचा पदर सोडायचे नाही, कारण दिवा दिसत नाही म्हणजे तो निघाला.

आजी आरवलीची, सिंधुदुर्गातली. तिथे वेताळ हा गावदेव, त्याला वेतोबा म्हणतात. तिने एकदा विचारलं, गो काय बघतस सारखी खिडकीतसून? मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘अगो, भियातस कित्याक? वेतोबा आपलोच मा! रातचो गावभर फिरता, सगळ्यांची राखण करता. फिरान फिरान चपलां झिजतत, म्हणान लोक तेका नवी चपलां देतत.’

त्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा तिने मला देवळात नेलं. मूर्तीसमोर केळ्यांचे घड आणि नवसाची चामड्याची चपलां. एकेक जोड माझ्या कोपरापासून बोटांपर्यंतच्या हाताहून लांब. मी हात लावून मोजलं होतं, म्हणून सांगते. परत आल्यावरही ढगात दिवे जायचेच, पण आता मी म्हणायचे, वेतोबा राखणीला निघाला. भीती पूर्ण गेली असं नाही म्हणणार. पण तिचं तोंड फिरलं.

अनवट

मोगराताई, फार सुंदर. तुमच्या आजींना नमस्कार.

वेताळाबद्दल थोडं. मूळ कथा अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या सोमदेवाच्या कथासरित्सागरात आहेत, आणि आपल्याकडे वेतालपंचविशी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. मालिकेत वेताळ झाले होते सज्जन नावाचे नट आणि विक्रम अरुण गोविल. पांढरे केस, पांढरा चेहरा, आणि खांद्यावर बसून कानाशी बोलणं. खरं सांगायचं तर आज पाहिलं तर रंगरंगोटी साधीच दिसते. मला तेव्हा भीती वाटायची ती त्या अटीची. बोललास तर मी परत झाडावर जाणार. पण उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील. मी शाळेत भित्रा मुलगा होतो. उत्तर येत असून हात वर करायचो नाही. दर भागाच्या शेवटी वेताळ प्रश्न विचारायचा तेव्हा मला वाटायचं हे मलाच विचारतोय, आणि मी मनातल्या मनात घाईघाईने काहीतरी उत्तर देऊन टाकायचो. चुकलं तरी चालेल, गप्प राहायचं नाही.

आणखी एक. १९८७ला ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा अरुण गोविल रामाच्या वेशात दिसले आणि माझी धाकटी बहीण रडायलाच लागली. सगळे हात जोडून बसलेले. आई तिला समजावतेय. ती एकच विचारत होती, ह्याच्या पाठीवरचा तो कुठे गेला?

चाळकरी

गिरणगावकर, तुमच्या मालिकेला आम्ही जायंट रोबोट म्हणायचो. मुलाचं नाव जॉनी सोको. रोबोटच्या बोटांतून क्षेपणास्त्रं सुटायची! आम्ही चाळीच्या गच्चीवर दोन मुठी छातीशी धरून हात वर उडवायचो, तीच खूण. दर आठवड्याला नवा राक्षस. एकदा नुसता एक प्रचंड डोळा होता, गडगडत येणारा. एकदा नुसता हात. कोपरापासून पुढचा, पोलादी. मला राक्षसाला तोंड, पाय, शेपटी असं सगळं असेल तर काही वाटायचं नाही, पण नुसता डोळा... त्याच्याशी बोलणार कसं, त्याला सांगणार काय?

शेवट मात्र मीही नाही पाहिला. आम्ही गावाला गेलो होतो. परत आलो तर त्या वेळेला दुसरंच काही लागलेलं.

दादरकर

मी इथल्या बहुतेकांपेक्षा वयाने मोठा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं तेव्हा शाळेत होतो. आमच्यासाठी ‘किलबिल’ होतं. गुजराती मुलांसाठी ‘संताकुकडी’, हिंदीत ‘खेल खिलौने’, इंग्रजीत ‘मॅजिक लॅम्प’. आम्ही चारही बघायचो. भाषा कुणाची का असेना, डबा चालू आहे ना.

पण मला पहिली भीती वाटली ती कार्यक्रमाची नाहीच. कार्यक्रम सुरू होण्याआधीची. अंधारातून दूरदर्शनच्या चिन्हातले ते दोन बाकदार पट्टे गोलाभोवती फिरत फिरत यायचे आणि शेवटी त्याचा डोळा व्हायचा. चिन्ह राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या देवाशिष भट्टाचार्य यांचं आणि धून पंडित रविशंकरांची, हे फार पुढे कळलं. आज ती धून ऐकली की डोळे भरून येतात. तेव्हा मात्र त्या लांबट सुरांबरोबर तो डोळा उघडत गेला की मी पाठ फिरवून बसायचो आणि बहिणीला विचारायचो, झालं का?

दुसरी भीती ‘व्यत्यय’. चित्र मधेच तुटायचं आणि नुसती पाटी यायची. तो शब्द कुठल्या पुस्तकात नव्हता, कुणी बोलण्यात वापरायचं नाही. मला वाटायचं व्यत्यय हे कुणाचं तरी नाव आहे. तो आला की सगळे कार्यक्रमातले लोक गप्प होतात. मुंग्या आल्या तर निदान गच्चीवर जाऊन अँटेना फिरवता यायचा, खालून कुणीतरी ‘आलं, आलं, गेलं’ ओरडायचं. व्यत्ययाला काही उपाय नव्हता.

आणि तिसरे अर्धवटराव. रामदास पाध्यांवर माझं निरतिशय प्रेम आहे. त्यांच्या वडिलांनी, य. के. पाध्यांनी, घडवलेला तो बाहुला त्यांनी सबंध महाराष्ट्राचा केला. टीव्हीवर अर्धवटराव उलट उत्तर द्यायचे आणि घर हसायचं. मीही हसायचो. पण विनोद संपल्यावर, टाळ्या चालू असताना, त्यांची मान हळूच वळायची आणि बुबुळं सरकायची. त्या क्षणी हसू थांबायचं माझं. बोलत असतात तेव्हा ठीक आहे, पण गप्प असताना ते काय विचार करत असतील? पुढे एका स्नेहसंमेलनात प्रत्यक्ष पाहायला मिळाले. कार्यक्रमानंतर आम्ही पोरं विंगेत घुसलो. तेव्हा बाहुला पेटीत ठेवला जात होता. मान बाजूला पडलेली, डोळे उघडेच. झाकण बंद होईपर्यंत मी बघत राहिलो. घरी येईस्तोवर आईला विचारत होतो, आत त्यांना श्वास घेता येतो का.

१९९३ला ‘झपाटलेला’ आला, तात्या विंचूचा बाहुलाही पाध्यांचाच. त्या वेळी माझा मुलगा लहान होता. थिएटरात तो माझ्या कुशीत तोंड खुपसून बसला आणि मी त्याला म्हटलं, मला माहितीये, बाळा.

कुर्ल्याची_मीनल

दादरकर काका, व्यत्यय हे नाव वाटणारे तुम्ही एकटे नाही. आमच्याकडे तर धाकट्या भावाला ‘जेव नाहीतर व्यत्यय येईल’ अशी धमकी असायची.

माझं नाव ‘टेलिमॅच’साठी. जर्मन लोकांचे खेळ असायचे, मोठमोठी सोंगं घालून. माणसाच्या धडावर हंड्याएवढं डोकं, त्यावर रंगवलेलं हसू. मग ते धावायचे, घसरायचे, पाण्यात पडायचे. पडल्यावरही ते हसूच. सगळे घरातले लोटपोट व्हायचे आणि मी बघत राहायचे, की आतल्या माणसाला लागलं तर कळणार कसं?

जागरण

सगळे प्रेमाने लिहीत आहेत, मला थोडं वेगळं लिहायचं आहे. राग मानू नये.

भीतीची आठवण आता गोड वाटते, कारण आपण त्यातून बाहेर आलो. मी सहज बाहेर आलो नाही. ‘अलिफ लैला’ लागायची तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. सिंदबादच्या सफरीत एक म्हातारा असतो. बिचारा चालता येत नाही म्हणून खांद्यावर बसतो, आणि मग पायांचा विळखा घालतो आणि उतरतच नाही. दया केली म्हणून अडकला, हे मला सहन झालं नाही. आमची परळची चाळ, सामाईक संडास गॅलरीच्या टोकाला, मधे एकच पिवळा बल्ब. रात्री त्या गॅलरीतून जाताना मला खांद्यांवर वजन जाणवायचं. खरोखर जाणवायचं. म्हणून मी जायचो नाही, आणि अंथरूण ओलं व्हायचं. त्यासाठी मार खाल्ला. नऊ वर्षांचा होईपर्यंत चाललं ते. कुणाला सांगितलं नाही, कारण एवढा घोडा झालास आणि टीव्हीला घाबरतोस, असं म्हणाले असते.

मोगराताईंना आजी होत्या. मला कुणी विचारलंच नाही, काय बघतोस म्हणून.

मोगरा

जागरण, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. मी दोनदा वाचलं. आजीने विचारलं नसतं तर मीही सांगितलं नसतं, हे खरं आहे.

सईची_आई

जागरण यांचा प्रतिसाद वाचून फोन बाजूला ठेवून लेकीच्या खोलीत जाऊन आले. ती आता मोठी आहे, पण तरी.

टीव्ही नाही, पण सांगते. २०१८ला मतकरींचं बालनाट्य ‘अलबत्या गलबत्या’ नव्या संचात आलं, चिन्मय मांडलेकरांनी दिग्दर्शित केलेलं, वैभव मांगले चेटकीण. माझी आई म्हणाली, मी दिलीप प्रभावळकरांची चिंची चेटकीण पाहिलेली आहे, मला न्या. आम्ही तिघी गेलो. सई पाच वर्षांची. चेटकीण आली तशी ती खुर्चीवरून उठून माझ्या मांडीवर, तिथून आईच्या मांडीवर. आईने तिच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि बोटं जराशी फाकवली. सई त्या फटीतून बघत होती. आईच्या हाताला ते कसं कळलं कोण जाणे, चेटकीण पुढे आली की फट लहान व्हायची, मागे गेली की मोठी.

आता मुलं हेडफोन लावून एकेकटी बघतात. काय बघतायत, त्यातलं कशाने पोटात गोळा आला, बाहेरून काही कळत नाही. मला राक्षस-चेटकिणींची काळजी वाटत नाही, त्या फटीवर कुणाचा हात नाही याची वाटते.

डोंबिवली_फास्ट_नव्वद

ताई, काका, मी बहुतेक इथला सगळ्यात लहान. १९९४चा जन्म. आमच्या पिढीचा वेताळ म्हणजे ‘करेज’. जॉन डिलवर्थने बनवलेली मालिका, मूळ १९९९ ते २००२, आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर लागायची. नोव्हेअर नावाच्या उजाड गावात म्हातारा-म्हातारी आणि गुलाबी रंगाचा घाबरट कुत्रा. रोज काहीतरी भयंकर दारात येतं. म्हातारीला दिसत नाही, म्हाताऱ्याला फिकीर नाही. कुत्र्याला एकट्यालाच कळतं, आणि त्याला ते त्यांना सांगता येत नाही. गिरणगावकर काकांना इंग्रजी कळत नव्हतं म्हणाले, आम्हाला भाषा कळत होती, पण करेजची अवस्था बघून तेच व्हायचं.

रामसेस राजाचा भाग ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. चोरलेली दगडी पाटी म्हाताऱ्याच्या हाती लागते. रात्री दूर माळावर एक उंच, कृश आकृती उभी राहते. बाकी सगळं कार्टून हाताने काढलेलं, ही एकटीच संगणकावर केलेली, त्यामुळे ती त्या जगातली वाटतच नाही. हवेत लहरते आणि लांबच्या आवाजात पाटी परत मागते. म्हातारा देत नाही. मग पाणी, मग ते डोकं उठवणारं गाणं, मग टोळ.

बाबांची रात्रपाळी असायची. आई रात्री साडेनऊच्या लोकलने यायची, तोवर मी आणि ताई. आमची खिडकी रुळांच्या बाजूला, मधे मोकळं गवत. पावसाळ्यात त्या गवतात सिग्नलचा खांब धुक्यात उभा दिसायचा. मी ताईच्या कंपासपेटीतून घेतलेल्या सगळ्या वस्तू परत ठेवून दिल्या होत्या. खोडरबरसुद्धा. खांब तिथेच होता, पण मी माझ्याकडून पाटी परत केली होती.

‘परफेक्ट’ नावाच्या शेवटच्या भागातला तो निळा जीव, करेजला स्वप्नात येऊन तू परिपूर्ण नाहीस म्हणणारा, त्याबद्दल लिहिणार होतो. पण रात्रीचे बारा वाजलेत. उद्या दिवसा लिहीन.

चाळकरी

नव्वदवाले, ‘खोडरबरसुद्धा’ वाचून गलबललो.

‘शक्तिमान’ कुणीच कसं लिहिलं नाही अजून? १९९७ला सुरू झाली. माझी मुलं किल्विषला घाबरायची. मला घाबरायला झालं ते वेगळ्याने. शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलं स्वतःला इजा करून घेतात अशा बातम्या तेव्हा पेपरात येऊ लागल्या. मुकेश खन्ना स्वतः पडद्यावरून मुलांना समजावायचे, हे करू नका म्हणून. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. मी गॅलरीच्या कठड्याला जाळी लावून घेतली. मुलगा म्हणाला, बाबा, मला माहितीये तो येणार नाही. मी विचारलं, कशावरून? म्हणाला, तो फक्त पडद्यातल्या मुलांकडे जातो. सहा वर्षांचा होता. त्याला हे कळलंय याचा आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, मला तेव्हा समजलं नाही.

अनवट

‘जंगल बुक’मधल्या शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. एक वाक्य उच्चारलं की खोलीतला पंखासुद्धा हळू फिरतोय असं वाटायचं.

यामागुची_फॅन

उशिरा आलो, धागा एका बैठकीत वाचून काढला. गिरणगावकर, मी जपानी मालिकांचा भक्त आहे आणि तुमची मालिका मी पूर्ण पाहिली आहे, सगळे २६ भाग. मित्सुतेरु योकोयामा यांच्या चित्रकथेवरून तोएई कंपनीने १९६७-६८ साली केली होती, नंतर इंग्रजीत आली. म्हणजे आपण पाहिली तेव्हाच ती जवळजवळ वीस वर्षं जुनी होती.

शेवट सांगतो. ज्यांना ऐकायचा नसेल त्यांनी पुढे जावं.

समुद्राखालचा तो शत्रू, सम्राट गिलोटिन, स्वतः अवाढव्य होतो. त्याचं शरीर अणुशक्तीने भरलेलं. तो सांगतो, माझ्यावर हल्ला केलात तर माझा स्फोट होईल आणि माझ्याबरोबर पृथ्वीही जाईल. म्हणजे त्याला मारता येत नाही. यंत्रमानवाची शक्ती संपत आलेली असते, तो निपचित. आणि मग तो हलतो. जॉनीने हुकूम दिलेला नाही. सबंध मालिकेत तो त्या मुलाच्या आवाजाशिवाय बोटही हलवत नाही, आणि इथे पहिल्यांदा स्वतःहून चालू लागतो. गिलोटिनला मिठीत धरतो आणि सरळ आकाशात घेऊन जातो. जॉनी घड्याळात ओरडत राहतो, परत ये, परत ये. तो ऐकत नाही. एका उल्केवर जाऊन आदळतो. स्फोट होतो. पृथ्वी वाचते. मुलगा वर बघत उभा राहतो.

परत येत नाही तो.

तुम्हाला त्याच्या न हलणाऱ्या चेहऱ्याची भीती वाटायची असं लिहिलंत. शेवटच्या दृश्यातही तो चेहरा तसाच आहे, एक रेषही बदललेली नाही. तरी मला दर वेळी तो वेगळा दिसतो.

गिरणगावकर

यामागुची_फॅन, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. हे वाचून तासभर काही सुचलं नाही. कारण एक गोष्ट मी सुरुवातीला लिहिली नव्हती, महत्त्वाची वाटली नव्हती म्हणून.

त्या संध्याकाळी शटर बंद झाल्यावर मी गॅलरीत रडत बसलो होतो. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तो धावत खाली गेला आणि समोरच्या चाळीत तळमजल्यावर एक टीव्ही होता, तिथे खिडकीतून शेवट बघून आला. मी विचारलं, काय झालं? दादा म्हणाला, रोबोट त्याला घेऊन वर गेला, फोडला, आणि परत आला. मी विचारलं, कुठून परत आला? दादा म्हणाला, समुद्रातून. हळूहळू चालत. आधी डोकं दिसलं, मग खांदे.

मी त्या रात्री झोपलो. पुढची दोन-तीन वर्षं वरळी सी-फेसला गेलो की मी पाण्याकडे बघायचो. भरतीच्या वेळी लांब खडकावर लाट फुटली की मला ते डोकं वाटायचं, पण घाबरायचो नाही. त्याचा चेहरा मला आवडायला लागला होता. आता लक्षात येतंय, तो आवडायला लागला तो दादाच्या गोष्टीमुळे, मालिकेमुळे नाही. मी धाग्यात शेवट विचारला तो सुद्धा दादाने सांगितलेला कुणीतरी पुन्हा सांगावा म्हणून असेल.

जागरण, तुमचा प्रतिसाद मी रोज एकदा वाचतोय. तुमच्या गॅलरीत कुणीतरी असायला हवं होतं.

काल रात्री दादाला फोन केला. तो ठाण्याला असतो. विचारलं, दादा, तो रोबोट परत आला नव्हता ना? बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं त्याला आठवतच नसेल. मग म्हणाला, तू सात वर्षांचा होतास. मी जिना चढून येईपर्यंत काय सांगायचं ते ठरवत होतो. तिसऱ्या मजल्यापर्यंत काही सुचलं नाही, तू समोर दिसलास तेव्हा समुद्र सुचला.

म्हटलं, तुला स्वतःला काय वाटलं होतं रे? तू तरी तेराच वर्षांचा होतास.

म्हणाला, मी खालच्या नळाशी तोंड धुऊन वर आलो होतो.

टीव्हीचं खोकं भंगारात देणार नाही. येत्या रविवारी दादा ते न्यायला येतोय. फोन ठेवताना त्याने विचारलं, डावीकडचं शटर अजून अडकतं का? म्हटलं, अडकतं. जरा वर उचलून ढकलावं लागतं.